ब्लोअर फक्त चार नंबरवरच पळतोय? रजिस्टन्स बदलायच्या आधी एवढं बघून घ्या

पावसाळा लागला की आणि परत डिसेंबरच्या थंडीत आपल्याकडं ही तक्रार हमखास येते. कुणी म्हणतं वारं येईना, कुणी कानडीत तेच म्हणतं, ‘गाळी बरवल्दु री’, आणि नीट विचारलं की कळतं वारं येतंय पण सगळ्या नंबरवर येत नाही. हीटर लावा नाहीतर एसी, गाडीत वारं ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, एकच असतोय, त्यामुळं खालचं सगळं दोन्हीला लागू. उन्हाळ्यात माणूस चार नंबरवर ठेवून दिवस काढतो, पण जांबोटी सोडून चोर्ल्याकडं निघालं आणि पाऊस धुकं एकदम आलं की काच आतनं पांढरी होते, तवा ब्लोअर हवाच, एका हातात फडकं एका हातात स्टेअरिंग हे काय घाटात जमायचं काम नव्हे.

आधी लक्षण ओळखा

चावी ऑन करा, इंजिन चालू नसलं तरी बहुतेक गाड्यांत ब्लोअर चालतो. नॉब एक नंबरवर ठेवून दहा सेकंद थांबा, मग दोन, तीन, चार. कुठला चालला कुठला नाही ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका, नंतर गोंधळ होतो.

- १, २, ३ बंद आणि फक्त ४ चालू. दहातल्या बहुतेक गाड्या ह्याच तक्रारीच्या.
- १ बंद बाकी चालू, किंवा १ आणि २ बंद, ३ आणि ४ चालू.
- १, २, ३ व्यवस्थित, ४ वर टाकलं की बंद.
- मधलाच एखादा गायब, म्हणजे १ चालतोय ३ चालतोय, २ नाही.
- कधी चालतोय कधी नाही, खड्ड्यात गाडी आदळली की सुरू होतोय, नाहीतर डॅशबोर्डखाली बुक्की मारली की.
- नंबर सगळे चालतात पण वारं कमी, आणि चूं चूं नाहीतर खरखर आवाज.

एकाही नंबरवर चालत नसेल तर तो विषय वेगळा, तिथं फ्यूज, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), मोटर असं जायचं. आणि ज्या गाडीत नॉबऐवजी डिग्री दाखवणारा ऑटोमॅटिक एसी आहे तिथं हा रजिस्टन्स, म्हणजे पंख्याचा स्पीड कमी करणारा पार्टच नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतंय, त्यांनी सरळ शेवटच्या भागात जावं.

आत काय चाललंय ते दोन मिनिटं समजून घ्या

घरातल्या जुन्या सिलिंग फॅनचा तो मोठा चौकोनी रेग्युलेटर आठवतोय का, हात लावला की गरम लागायचा, तोच हिशेब इथं. मोटरला १२ व्होल्ट पुरा मिळाला की ती पूर्ण जोरात पळते, तो तुमचा चार नंबर, त्याच्या वाटेत रजिस्टन्स नाहीच. कमी स्पीड पाहिजे म्हणून मध्ये तारेच्या कॉइल घालतात, साधारण तीन, एकापुढं एक जोडलेल्या. तीन नंबरला करंट एकाच कॉइलमधनं जातो, दोनला दोन, एकला तिन्हीमधनं. आणि बऱ्याच रजिस्टन्सवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, जास्त तापलं की तो उडतो आणि खालचे तिन्ही नंबर एकदम जातात, चार तेवढा राहतो.

एवढं कळलं की निम्मं निदान जाग्यावर बसून होतंय बघा. फक्त एक नंबर गेला तर शेवटची कॉइल तुटली असणार. एक आणि दोन गेले तर मधली. तिन्ही गेले तर थर्मल फ्यूज किंवा पहिलीच कॉइल. पण फक्त दोन नंबर गेलाय आणि एक चालतोय, तर? एक नंबरचा करंट तिन्ही कॉइलमधनं फिरून येतो, म्हणजे तिन्ही शाबूत आहेत, मग रजिस्टन्सला कशाला दोष द्यायचा, तिथं स्विचचा पॉइंट जळलाय नाहीतर त्या नंबरची वायर कपलरमधनं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधनं, सुटलीय. तसंच नुसता चार गेला असेल तरी रजिस्टन्सचा काही संबंध नाही. तरी लोक दुकानात जाऊन आधी रजिस्टन्सच मागतात आणि घालूनही मोकळे होतात, आणि तक्रार आहे तशीच.

दुसरी गोष्ट, ही महत्त्वाची. तापण्याचा हिशेब करंटच्या वर्गावर चालतो. समजा एक नंबरवर ४ अँपिअर करंट आहे आणि रजिस्टन्स दीड ओहमचा, तर त्यात २४ वॅट उष्णता होते. मोटर जाम व्हायला लागली आणि करंट ६ अँपिअर झाला तर ५४ वॅट, म्हणजे दुपटीच्या वर, करंट मात्र दीडपटच वाढलाय. आणि ही उष्णता घालवायला रजिस्टन्स मुद्दाम वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, ब्लोअरचं वारं त्याच्यावरनंच जातं. वारं कमी झालं तरी तो जळणार, मोटर जड झाली तरी जळणार. म्हणून रजिस्टन्स वारंवार जात असेल तर रोग दुसरीकडं आहे, नवा घातलात तर तोही जाईल, पुढच्या पावसाळ्याआधीच.

फुकटातलं आधी: फिल्टर, पानं, पाणी

डॅशबोर्डचा डबा उघडून दोन्ही बाजू आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत तो खाली लोंबतो, मागं केबिन फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काढा आणि उजेडात धरा. उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागनं रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर इतका मातकट होतो की आरपार उजेड दिसत नाही, निपाणीकडच्या गाड्यांत तंबाखूची बारीक धूळ वेगळीच बसते, वास पण येतो. फिल्टर काढून ठेवून ब्लोअर चालवून बघा, आवाज आणि वारं दोन्ही एकदम मोकळं झालं तर कारण सापडलं. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही, फार खराब नसेल तर उलट्या बाजूनं हलकी हवा मारायची, नाहीतर नवा टाकायचा. बऱ्याच जुन्या आणि स्वस्तातल्या गाड्यांत फिल्टरच नसतो, मग कचरा थेट पंख्यात.

मग बॉनेट उघडून काचेखालची जाळी बघा. गाडी चिंचेखाली, फणसाखाली लावत असाल तर तिथं पानांचा थर असतोच. तो हातानं काढा, पाणी जायची दोन्ही बाजूची भोकं मोकळी करा. ती तुंबली की पावसाचं पाणी ब्लोअरच्या घरात उतरतं आणि रजिस्टन्स, कपलर दोन्हीला गंज चढतो. पुढच्या पॅसेंजरच्या पायाखालचं मॅट ओलं राहतंय का, हात लावून बघा. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी मॅट ओलं होतं, त्यामुळं एसी बंद ठेवून पावसात ओलं झालं तर ते जाळीवाटे आलेलं.

खानापूर तालुक्यातल्या गाड्यांचा आणखी एक त्रास म्हणजे उंदीर. जांबोटीकडची एक भात गिरणीवाल्यांची पिकअप होती, दर सीझनला रजिस्टन्स बदलून घ्यायचे, दुसरीकडं. मोटर उतरवली तर पंख्याच्या पात्यांत एकाच बाजूला भाताची फोलपटं घट्ट बसलेली, मधे पेंढा आणि फडक्याच्या चिंध्या, पंखा बोटानं फिरवला तर पाव फेरी फिरून परत मागं यायचा, जड बाजू खाली. तो पंखा ब्रश मारून साफ केला, नवा रजिस्टन्स घातला, काम संपलं. आधी घातलेले सगळे रजिस्टन्स चांगलेच होते, उगाच जळत होते.

फ्यूज आणि रिले: फक्त चार नंबर बंद असेल तर

चार चालतोय आणि खालचे बंद, तर बहुतेक गाड्यांत फ्यूजबॉक्स उघडायचं काही कारण नाही, मेन फ्यूज चांगला असल्याशिवाय चार चाललाच नसता. उलट १-२-३ चालतात आणि चार नाही, तर काही गाड्यांत चार नंबरला वेगळा रिले असतो, कधी वेगळा फ्यूजही, ते बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. रिले तपासायची सोपी युक्ती, त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथं लावा, चार चालला तर रिले गेलाय. नंबर जुळत नसेल तर अदलाबदल करू नका.

फ्यूज जळलेला मिळाला तर त्याच अँपिअरचा घाला. २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. सारखा उडतोय म्हणून २० च्या जागी ३० घालणारे बरेच भेटतात, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. फ्यूज उडतोय म्हणजे मोटर करंट जास्त ओढायलीय नाहीतर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय.

कपलर: इथं घाई करू नका

रजिस्टन्स बहुतेक गाड्यांत डब्याच्या मागं किंवा पॅसेंजरच्या पायाच्या वर, ब्लोअरच्या घराला दोन स्क्रूनं बसवलेला असतो. आताच ब्लोअर चालवला असेल तर थोडा वेळ थांबा, चांगलाच चटका बसतो. चावी ऑफ, बॅटरीची मायनस काढा, मगच कपलर ओढा, वायरला धरून नाही, प्लास्टिकला धरून, खटका दाबून.

आता कपलरचं तोंड मोबाईलच्या टॉर्चनं बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, एखादं भोक पसरून लांबट झालंय, पिन काळी पडलीय, वास येतोय? तर नुसता रजिस्टन्स बदलून उपयोग नाही. सैल पिनमध्ये कॉन्टॅक्ट नीट होत नाही, तिथंच ती तापते, ताप रजिस्टन्सच्या पायात उतरतो आणि नवा पण जातो. वायरसकट नवा कपलर मिळतो, तो घ्या, जुन्याइतक्या जाड वायरचा, आणि जोड थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून वर स्लीव्ह चढवून करा. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड इथं टिकत नाहीत, गरम झालं की टेपचा डिंक सुटतो. कधी चालतो कधी नाही ह्या तक्रारीत तर बऱ्याचदा कपलरमध्येच सगळं सापडतं.

रजिस्टन्स काढून मीटर लावणं

दोन स्क्रू काढले की तो बाहेर येतो. आधी डोळ्यानं बघा, कॉइल तुटलेली असेल तर दिसतेच. सिरॅमिकच्या पट्टीचा असेल तर तडा किंवा काळा डाग शोधा. दिसण्यात चांगला असेल तर मीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा, जो आकडा येईल (मीटरच्या वायरचा, ०.२-०.३ च्या आसपास) तो नंतरच्या मापातनं वजा करायचा. मग एकेक पिन तपासा. ओहम एकदम कमी असतात, अर्धा, एक, दोन, तीन असे, गाडीप्रमाणे बदलतात. जिथं मीटर काहीच दाखवत नाही तिथं तुटलेलं आहे.

इथं एक सांगून ठेवतो, रजिस्टन्स बाहेर लोंबत ठेवून कपलर लावून ब्लोअर चालवून बघायचा मोह होतो. तसं करू नका. बाहेर त्याला वारं मिळत नाही, एक नंबरवर थोडा वेळ चालला तरी लालभडक होईल आणि चांगला असला तरी थर्मल फ्यूज उडेल.

थर्मल फ्यूज गेला म्हणून तिथं तार सोल्डर करून देणारे कारागीर आहेत, स्वस्तात होतंय म्हणून गिऱ्हाईक पण खूश. माझं मत सरळ आहे, असं करून घेऊ नका. तो फ्यूज आग लागू नये म्हणून आहे आणि रजिस्टन्सच्या आजूबाजूला सगळं प्लास्टिक, फोम आणि वाळलेली पानं. नवा रजिस्टन्स काही शे रुपयांत मिळतो. जुना हातात घेऊन जा, पिना आणि पार्ट नंबर जुळवून घ्या, आणि थर्मल फ्यूज असलेलाच घ्या.

नवा घालायच्या आधी मोटर बघा

हे काम बहुतेक लोक सोडून देतात, आणि तक्रार परत येते ती इथनंच. पंखा हातानं फिरवा. मोकळा फिरून हळूहळू थांबला पाहिजे. लगेच अडतोय, खरखरतोय, वरखाली हलतोय, तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, गेलाय. थंडीत सकाळी सुरू केल्यावर चूं चूं करतो आणि नंतर गप्प बसतो, ती पण बुशचीच खूण. स्प्रे मारला की आठवडाभर गप्प होतो, पण ते तेल कार्बनवर (मोटरच्या आत करंट पोचवणाऱ्या ब्रशवर) गेलं की नवीन दुखणं, त्यामुळं तो तात्पुरता उपाय समजा.

करंट मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो, घरच्या वायरिंगसाठी वापरतात तो साधा क्लॅम्प फक्त घरातल्या विजेचा एसी (अल्टरनेटिंग) करंट दाखवतो, इथं चालत नाही. लहान गाड्यांत चार नंबरला साधारण ८ ते १५ अँपिअरच्या दरम्यान असतो, मोठ्या गाड्यांत २० च्या आसपास जातो. फ्यूजच्या आकड्याच्या अगदी जवळ पोचत असेल, किंवा आकडा स्थिर न राहता वर चढत जात असेल, तर मोटरच बदलायला झालीय.

स्विच आणि अर्थिंग

रजिस्टन्स चांगला, कपलर चांगला, मोटर मोकळी, तरी एखादा नंबर नाही, मग स्विच. बॅटरी परत जोडा, रजिस्टन्सचा कपलर काढलेलाच ठेवा, टेस्ट लॅम्प घ्या, चावी ऑन. काही गाड्यांत स्विच प्लसकडं असतो, काहींत अर्थिंगकडं. आधी लॅम्पची चिमटी बॉडीला लावून प्रत्येक पिनला टोक लावा आणि नॉब फिरवा. ज्या त्या नंबरवर ती ती पिन पेटत गेली तर स्विच प्लसकडं आहे आणि ठीक आहे. एकच पिन कायम पेटते आणि बाकीच्या कधीच पेटत नाहीत, तर ती पिन मोटरकडनं आलेली, म्हणजे स्विच अर्थिंगकडं. मग चिमटी बॅटरीच्या प्लसला लावा आणि परत तेच करा. जो नंबर पेटला नाही त्याचा पॉइंट किंवा त्याची वायर गेली. काही गाड्यांत चारची वायर कपलरमधनं जातच नाही, कपलर काढून पण चारवर ब्लोअर फिरतो, घाबरू नका.

नॉबचं पॅनल तापतंय, प्लास्टिकचा वास येतोय, नॉब अर्धवट ठेवला की चालतो, ही सगळी जळलेल्या पॉइंटची लक्षणं. पॉइंट घासून काही महिने निघतात, पण मोटर जास्त करंट ओढत असेल तर परत जळणार. पॅनल काढताना क्लिपा तुटतात, जुन्या गाडीत तर नक्की, प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको.

अर्थिंगसाठी रजिस्टन्सचा कपलर परत लावा, ब्लोअर चारवर चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ब्लोअर सर्किटची अर्थिंग वायर बॉडीला जिथं बोल्टनं बसते त्या थिंबलला. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर बोल्ट खोलून गंज घासा.

कुठं थांबायचं

डॅशबोर्डखाली पिवळ्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नाही, तो आडवा येत असेल तर काम तिथंच थांबवा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तरी तेच, तिथला हीटर हाय व्होल्टेजवर चालू शकतो.

वायरिंगचा गठ्ठाच वितळलाय, इन्सुलेशन एकमेकांना चिकटलंय, किंवा धूर आला होता, तर बॅटरीची मायनस काढून ठेवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, गाडी चालवत नेऊ नका. फ्यूज नवा घातल्याबरोबर उडतोय, तेही त्यांचंच काम. ब्लोअर काढायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो अशा गाड्या आहेत, ते रविवारी दुपारी दारात बसून करायचं काम नव्हे. ऑटोमॅटिक एसीचं मॉड्यूल स्कॅनर लावल्याशिवाय अंदाजानं बदलू नका, महाग जातं. बस, ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांचा रजिस्टन्स आणि आकडे वेगळे. गाडी वॉरंटीत असेल तर काहीच न खोलता शोरूमला न्या.

दुरुस्तीला देताना तो नंबर लिहिलेला कागद सोबत द्या, आणि आधी रजिस्टन्स कितीदा बदललाय ते पण सांगा. जुना पार्ट परत मागा, आणि मोटर हातानं फिरवून बघितली का एवढं विचारा. तोवर खालचे नंबर बंद असतील तर नॉब त्या बंद नंबरवर ठेवून एसीचं बटण दाबू नका, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर चालू होतो आणि वारं नसल्यामुळं आत एसीच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरायची शक्यता असते. चार नंबरवरच ठेवा, आणि पावसात काच धुरकट होत असेल तर आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवून नॉब थोडा गरम बाजूला.